जर्दाळूचं झाड लावताय? आधी तिथल्या एप्रिलची रात्र पाहा

बेळगाव : लडाखमध्ये ड्युटीवर असलेला जवान सुटीला गावी येतो, तेव्हा पिशवीत वाळकी जर्दाळू हमखास असतात. हैदराबादच्या लग्नात जेवणानंतर 'खुबानी का मीठा' वाढला जातो. दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्यातही हे फळ आता नवं राहिलेलं नाही. फळ ओळखीचं झालं की झाडाबद्दल विचारणा सुरू होते. कुणाच्या मुलाने कॅनडात घर घेतलंय, परसात दोन फळझाडं लावायची आहेत. कुणी निवृत्तीनंतर हिमाचलात जमिनीचा तुकडा बघतोय. आणि इथे गावात बसून मोबाईलवर 'जर्दाळूचं रोप, घरपोच' अशा जाहिराती बघणारेही काही कमी नाहीत.

रोपाचे पैसे फार नसतात. महाग पडतात ती वर्षं. चांगलं कलमी रोप फळावर यायला तीन ते पाच वर्षं घेतं. जागा किंवा जात चुकली, तर ती चूक पाचव्या वर्षी कळते. तोपर्यंत खत, पाणी, राखण, सगळं खर्ची पडलेलं असतं. म्हणून हे झाड विकत घेण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. थंड मुलुखात जर्दाळू लावणारे बहुतेक जण हिवाळ्याची धास्ती घेतात. 'उणे वीसमध्ये झाड जगेल का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. झाड बहुधा जगतं. पीक जातं ते हिवाळा संपल्यावर, एप्रिलमधल्या एखाद्या रात्री.

नावाचा घोळ आधी मिटवा

'जर्दाळू' शब्द फारसीतून आलेला. जर्द म्हणजे पिवळा आणि आलू म्हणजे आलुबुखारासारखं फळ. हिंदी-उर्दूत तेच खुबानी. लडाखमध्ये त्याला चुली म्हणतात आणि हिमाचलात आंबट-कडू जंगली जातीला चुल्ली. शास्त्रीय नाव प्रुनस आर्मेनियाका. पीच, आलुबुखार, चेरी, बदाम ही सगळी त्याची भावंडं.

घोळ होतो तो बिहारमुळे. भागलपूर भागात 'जर्दालू' नावाचा आंबा आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यामुळे 'जर्दालूचं कलम, गरम हवेत चालतं' असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलत नसेलही. तो आंबा विकत असेल. मागणी करताना फळाचा फोटो आणि खुबानी हे नाव, दोन्ही पक्कं करून घ्यावं.

थंडीचं खातं

जर्दाळूचं झाड हिवाळ्यात पानं झाडून झोपी जातं. पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन फांदीवर बसलेल्या असतात. या कळ्या कधी उघडायच्या, याचा हिशेब झाड दोन टप्प्यांत करतं.

पहिला टप्पा थंडीचा. साधारण शून्य ते सात अंश सेल्सिअस या तापमानात गेलेला प्रत्येक तास झाडाच्या खात्यावर जमा होतो. जर्दाळूच्या बहुतेक जातींना असे काही शे तास लागतात. बऱ्याच जाती ६०० ते ९०० तासांच्या घरात येतात. शून्याच्या खूप खालची कडाक्याची थंडी या हिशेबात जवळजवळ धरली जात नाही. म्हणजे उणे २० अंशांची रात्र माणसाला फार मोठी वाटते, पण झाडाच्या खात्यात ती फारशी भर घालत नाही. खातं भरतं ते हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना, बेताच्या गारठ्यात.

खातं भरलं की दुसरा टप्पा सुरू होतो, उबेचा. आता कळीला फुगायला थोडं ऊन लागतं. सफरचंदाला हे ऊन बरंच लागतं, म्हणून ते उशिरा फुलतं. जर्दाळूला फारच थोडं पुरतं. त्यामुळे बागेत सगळ्यात आधी फुलणाऱ्या फळझाडांत त्याचा नंबर लागतो, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

हाच हिशेब आपल्या शहरांना लावून बघितला की बऱ्याच जाहिरातींचं उत्तर मिळतं. बेळगावचा हिवाळा कितीही गुलाबी असला, तरी पारा सात अंशांखाली जात नाही म्हटलं तरी चालेल. गोव्यात तर प्रश्नच नाही. वडोदरा आणि इंदूरला थोड्या रात्री मिळतात, पण त्या पुरत नाहीत. ग्वाल्हेरची जानेवारीतली रात्र चांगली गारठवते. मात्र दुपारी ऊन तापतं आणि त्या उन्हाने रात्री जमा झालेल्यातलं काही पुसलं जातं. महाबळेश्वरचं नाव नेहमी निघतं. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, हे खरं. पण त्या मोजक्या पहाटा असतात. जर्दाळूला महिना-दीड महिना सलग गारठा हवा.

अशा ठिकाणी लावलेलं झाड मरेलच असं नाही. ते वाढेल, पानं धरेल, सावलीही देईल. पण कळ्या अर्धवट उघडतील, काही गळतील आणि फळ दिसणार नाही.

हिवाळा सोसतो, वसंत फसवतो

झोपलेलं जर्दाळूचं झाड चिवट असतं. पूर्ण सुप्तावस्थेत त्याचं लाकूड उणे २५ अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. काही जाती त्याहूनही खाली टिकतात. पण कळी जागी होऊ लागली की ही ताकद भराभर उतरते.

फळबागांसाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांतले आकडे बोलके आहेत. झाड पूर्ण फुललेलं असताना तापमान अर्धा तास उणे २.८ अंशांवर राहिलं, तर साधारण १० टक्के फुलं मरतात. उणे ५.६ अंशांवर ९० टक्के मरतात. म्हणजे थोडंसं नुकसान आणि सगळं पीक जाणं, यात तीन अंशांचंसुद्धा अंतर नाही. बारीक हिरवं फळ धरल्यावर तर ते उणे दोनच्या आसपासही दगावायला लागतं. जानेवारीत उणे वीस सोसणारं तेच झाड एप्रिलमध्ये उणे तीनला हात टेकतं.

याचं मोठं उदाहरण तुर्कस्तानात आहे. पूर्वेकडचा मलात्या प्रांत वाळक्या जर्दाळूची जगातली सगळ्यात मोठी पेठ. आपल्या दुकानांत मिळणारी नारिंगी, मऊ जर्दाळू बरेचदा तिथलीच असतात. २०१४ च्या मार्चअखेरीस तिथे फुलोऱ्यावर हिमकडाका पडला आणि पीक बसलं. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. देशभरातल्या फळबागांना तडाखा बसला आणि मलात्यातलं बहुतेक पीक गेलं. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे बागायतदार, जगभर पोचलेला व्यापार, आणि दोन-चार रात्रींत वर्षाचा हिशेब कोलमडला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पारा घसरला की तोही रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतो.

हवामानबदलाने यात भर घातली आहे. थंडीचं खातं जानेवारीत भरून बसलेलं असतं, त्यात फेब्रुवारीत आठ-दहा दिवस अवेळी ऊब पडते. झाडाला वाटतं वसंत आला. कळ्या फुगतात. मग मार्च-एप्रिलमध्ये थंडी परत फिरते. एकसारखी, लांबलेली थंडी असलेल्या मुलुखात हा धोका कमी असतो. थंडी-ऊब-थंडी असा खेळ चालतो तिथे जास्त.

लडाखमध्ये का जमतं?

लडाखचा हिवाळा एकदाचा बसला की मध्येच उठत नाही. त्यामुळे झाडाला खोटी जाग येत नाही. फुलोरा येतो तो एप्रिलमध्ये, आधी खालच्या गावांत आणि मग जसजसं वर जावं तसतसा उशिरा. तोवर थंडीचा जोर ओसरलेला असतो. तरी एखाद्या वर्षी फटका बसतोच. पण दरवर्षी नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. सगळ्या लडाखात जर्दाळू होत नाही. साडेतीन हजार मीटरवरचं लेह शहर म्हणजे जवळजवळ वरची हद्द. खरा जर्दाळूचा पट्टा त्याखालचा आहे : सिंधू नदीकाठचा शाम भाग, दाह-हनूची गावं, साधारण २,७०० मीटरवरचं कारगिल आणि त्याच्या आसपासची खोरी, नुब्राच्या टोकाचं तुर्तुक. चांगथांगच्या पठारावर हे झाड दिसत नाही.

तिसरी गोष्ट कोरड्या हवेची. लेहमध्ये वर्षाला पडतो साधारण १०० मिलिमीटर पाऊस. बेळगावात पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो. पाऊस नाही म्हणजे पानाफळांवर बुरशी नाही, फळ तडकत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोडलेलं फळ उघड्या छपरावर पसरून वाळवता येतं. पाणी मात्र वितळलेल्या बर्फाचं, पाटाने आणून द्यावं लागतं.

जातींची निवडही तिथे पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. 'हलमान' ही वाळवण्यासाठी नावाजलेली. 'रक्त्से कारपो' ताजं खाण्यासाठी. या नावाचा अर्थच 'पांढऱ्या बीचं' असा आहे. बाकीच्या जर्दाळूंची कोय तपकिरी, हिची पांढरट, आणि गोडीला ही जात वरचढ. २०२२ मध्ये लडाखच्या रक्त्से कारपोला भौगोलिक मानांकन मिळालं.

एवढं असूनही लडाखी शेतकऱ्याला बाजार मिळायला उशीर झाला. तिथे कॉडलिंग मॉथ नावाची फळ पोखरणारी अळी आहे. ती देशातल्या इतर बागांत पसरू नये म्हणून ताजं फळ बाहेर नेण्यावर बरीच वर्षं निर्बंध होते. म्हणून माल वाळवूनच बाहेर जायचा. ५ ते ६ किलो ताज्या फळांतून जेमतेम किलोभर वाळकं हाती येतं. अलीकडे हे चित्र पालटू लागलं असून २०२१ मध्ये ताज्या जर्दाळूचा माल दुबईपर्यंत पोचला.

जाता जाता एक बाजारातली गोष्ट. वाळकं जर्दाळू नारिंगी आणि चमकदार असेल, तर त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. धुरी न दिलेलं फळ तपकिरी, काळपट दिसतं. तो माल जुना किंवा खराब असतोच असं नाही.

जात निवडताना तीन प्रश्न

थंड मुलुखात राहणाऱ्या कुणालाही झाड घ्यायचं असेल, तर फळाच्या फोटोवर जाऊ नये. आधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवावीत.

पहिला, तिथली सगळ्यात थंड रात्र किती अंशांची असते? जात तेवढं सोसणारी हवी.

दुसरा, त्या जातीला थंडीचे तास किती लागतात? इथे बऱ्याच जणांची उलटी चूक होते. कमी तास लागणारी जात 'सोपी' समजून कडक थंडीच्या गावात लावली जाते. तिचं खातं लवकर भरतं, ती लवकर फुलते आणि गोठून जाते. थंड गावाला जास्त तास लागणारी जातच बरी.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, ती फुलते कधी, आणि त्या गावात शेवटचा हिमकडाका साधारण कोणत्या तारखेपर्यंत पडतो? दोन तारखांमध्ये अंतर जितकं कमी, तितकं पीक हाती लागण्याची शक्यता जास्त. चवीला थोडी डावी पण आठवडाभर उशिरा फुलणारी जात, दर तीन वर्षांनी एकदा फळणाऱ्या गोड जातीपेक्षा परवडते.

हिमाचल, काश्मीरकडे लावायचं असेल तर न्यू कॅसल, कैशा, नगेट, शकरपारा, चारमगज अशी नावं ऐकू येतील. यातली कोणती जात कोणत्या उंचीवर चालते हे सोलनजवळच्या नौणीचं डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठ आणि श्रीनगरची केंद्रीय समशीतोष्ण बागवानी संस्था सांगू शकते. न्यू कॅसल मध्यम उंचीवर, खालच्या डोंगरात चालणारी. तीच उचलून किन्नौरच्या वरच्या गावात लावण्यात अर्थ नाही.

अमेरिका-कॅनडात असलेल्यांसाठी निवड वेगळी. कॅनडात ओंटारिओतल्या हॅरो इथल्या संशोधन केंद्राने थंडीसाठी जाती काढल्या आहेत : हारकॉट, हारग्रँड, हारग्लो, हारलेन. मिशिगनची गोल्डकॉटही थंडीला टिकणारी. मिनेसोटा विद्यापीठाच्या मूनगोल्ड आणि सनगोल्ड त्याहून थंड भागासाठी, पण त्या जोडीने लावाव्या लागतात. एकीचा पराग दुसरीला लागतो. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत मँचुरियन जर्दाळूच्या रक्ताच्या जाती टिकतात. मॅनिटोबातल्या मॉर्डन केंद्राची स्काउट ही त्यांतली जुनी. फळ जॅमच्या लायकीचं असतं, पण झाड टिकतं. बऱ्याच जाती स्वतःच्याच परागावर फळ धरतात. तरी जागा असेल तर दोन वेगळ्या जाती लावणं शहाणपणाचं. एक लवकर फुलून गोठली, तर दुसरी हाताशी राहते.

एका देशातून दुसऱ्या देशात रोप किंवा कलमकाडी सामानात घालून नेऊ नये. तो गुन्हा आहे, आणि कॉडलिंग मॉथसारख्या किडी अशाच पसरतात.

बी पेरावी की कलम घ्यावं?

खाल्लेल्या फळाची कोय पेरून झाड येतं. कोय ओल्या वाळूत घालून दीड ते तीन महिने फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे तिला हिवाळा भेटला, की ती उगवते. पण बीपासून आलेलं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. आंब्याच्या कोयीचं होतं तेच. गोड फळाच्या कोयीतून आंबट, बारीक फळ येऊ शकतं, आणि ते कळायला सहा-आठ वर्षं थांबावं लागतं.

म्हणून खुंट बीचा आणि वरची डोळी निवडक जातीची, असं कलमी रोप घ्यावं. डोंगराळ भागात चुल्लीचा खुंट वापरतात. तो थंडी आणि कोरडेपणा सोसतो. रोप घेताना खुंट कशाचा आहे, हे विचारायला लाजू नये. जमिनीत पाणी थोडं साचत असेल तर आलुबुखाराच्या खुंटावरचं रोप बरं, पण जोड नीट जमलेला आहे का ते बघावं.

कोयीबद्दल एक इशारा. खुबानीची गिरी बदामासारखी दिसते. गोड गिरीच्या जाती आहेत आणि हैदराबादी मीठ्यावर ती बदामासारखी घालतातही. पण कडू गिरीत अमिग्डालिन असतं, आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. कडू लागली की थुंकून टाकावी. मुलांच्या हाती कोयी फोडायला देऊ नयेत. औषध म्हणून मूठभर खाण्याचे सल्ले मोबाईलवर फिरतात, ते जिवावर बेतू शकतात.

जागा : उताराचा मधला भाग

थंड हवा जड असते. वारा नसलेल्या निरभ्र रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी, किंवा खालच्या बाजूला भिंत-कुंपण असलेल्या अंगणात जर्दाळू लावू नये. उताराचा मधला भाग चांगला. तिथे थंड हवा थांबत नाही, खाली निघून जाते.

दिशेचं गणित थोडं फसवं आहे. दक्षिणेकडची भिंत किंवा उतार दिवसभर तापतो. झाडाला ती ऊब आवडते, फळही चांगलं पिकतं. पण तीच ऊब कळ्यांना लवकर जागं करते. वसंतात थंडी-ऊब वर-खाली होणाऱ्या ठिकाणी उत्तर किंवा पूर्व उतार बरा. फुलोरा थोडा लांबतो. उलट इंग्लंडसारख्या ढगाळ, सौम्य हवेत उन्हाचीच टंचाई, म्हणून तिथे दक्षिणमुखी भिंतीला टेकवून झाड वाढवण्याची जुनी पद्धत आहे. तेव्हा एका देशातला सल्ला जसाच्या तसा दुसऱ्या देशात चालत नाही.

जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचलं की जर्दाळूची मुळं कुजतात. थंडीत वाचलेली बरीच झाडं पाण्याने जातात.

लावणी आणि पहिली तीन वर्षं

झाड झोपेत असताना लावावं. हिमाचलात हिवाळ्यात, लडाख-कॅनडात बर्फ वितळून माती हाताला येऊ लागली की लगेच, कळ्या फुटायच्या आत. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत. ताजं शेण घालू नये. दोन झाडांत साधारण ६ मीटर अंतर. कलमाचा जोड जमिनीच्या वर चार-सहा बोटं राहायला हवा. तो मातीखाली गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा फायदा जातो.

लावल्यावर शेंडा दोन-अडीच फुटांवर छाटावा. काळजाला लागतं, पण त्यामुळे खालून फांद्या फुटतात. त्यातल्या चहूबाजूंच्या तीन-चार ठेवून मधला भाग मोकळा राखायचा, परडीसारखा. ऊन आत पोचलं की फळ आतल्या फांद्यांवरही धरतं.

खोडाला हिवाळ्याआधी चुना लावावा. हे शोभेसाठी नाही. थंडीत दुपारचं ऊन खोडाच्या एका बाजूला तापवतं, सूर्य मावळला की तीच बाजू एकदम गोठते आणि साल फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो. बर्फ पडणाऱ्या भागात ससे-उंदीर साल कुरतडतात, तेव्हा बुंध्याला जाळीही हवी.

उन्हाळा सरताना नत्राचं खत आणि भरपूर पाणी बंद करावं. नाहीतर कोवळी फूट येते, ती पक्की होत नाही आणि पहिल्याच थंडीत काळी पडते. छाटणी कोरड्या हवेत करावी. ओल्या, ढगाळ दिवसांत कापलेल्या जागेतून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात.

फळं धरू लागली की विरळणी करावी. फळ सुपारीएवढं असताना दर तीन-चार बोटांवर एकच ठेवायचं. असं न केल्यास फळं बारीक राहतात, फांदी मोडते आणि झाड पुढच्या वर्षी रुसतं. तोडणीची घाईही नको. तोडलेलं जर्दाळू मऊ पडतं, पण झाडावर जेवढी गोडी आली त्याहून फार वाढत नाही.

गोठणाऱ्या रात्री काय करावं?

फुलोऱ्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघावा. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा उतरतोय, ही लक्षणं दिसली की तयारी करावी.

घराजवळ एक-दोन झाडं असतील तर उपाय सोपा आहे. अंधार पडायच्या आत झाडावर चादर किंवा जाड कापड टाकून ते जमिनीपर्यंत सोडायचं. जमिनीतून वर येणारी ऊब आत अडकते. कापड फक्त शेंड्याभोवती गुंडाळून उपयोग नाही. फुलांना चिकटेल असं प्लास्टिकही नको. सकाळी ऊन आलं की काढून टाकावं, म्हणजे मधमाश्या येऊ शकतात. झाडाखालचं गवत कापलेलं आणि माती ओलसर असेल तर जमीन दिवसा जास्त ऊब साठवते.

मोठ्या बागेत तुषार सिंचन करतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि सतत पाणी पडत राहिलं तर बर्फाच्या आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. मात्र हे सकाळी बर्फ वितळेपर्यंत थांबवायचं नसतं. मध्यरात्री वीज गेली आणि पाणी थांबलं, तर काहीच न केल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. शेकोट्यांचा उपयोग उष्णतेमुळे होतो. धुराने फारसं काही साधत नाही. एका मोठ्या जाळापेक्षा जागोजागी लहान शेकोट्या बऱ्या.

कळ्या वाचल्या तरी परागीभवन राहतंच. गार, वाऱ्याच्या दिवसांत मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत. परसातल्या झाडावर मऊ ब्रशने एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवलं तरी चालतं. लहान झाडाला दुपारचा अर्धा तास पुरतो.

मग इथे राहणाऱ्यांनी काय करावं?

सफरचंदाचं उदाहरण लगेच पुढे येतं. हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत फळणारी जात देशभर पोचली, त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण सफरचंदाचं जमलं म्हणून जर्दाळूचंही जमेल असं होत नाही. अशी खात्रीची जात जर्दाळूत आपल्या हवेसाठी सध्या नाही. हौसच असेल तर उत्तरेकडच्या ग्वाल्हेरसारख्या भागात कमी थंडीचे पीच, म्हणजे पंजाबच्या मैदानात चालणारे शान-ए-पंजाब, फ्लोरडा प्रिन्स यांसारखे, एखाद-दुसऱ्या झाडावर करून बघावेत. एकरभर लावू नयेत. बेळगाव, गोव्यात तेही नको.

आणि थंड मुलुखातल्या मुलाबाळांसाठी, नातलगांसाठी रोप घेताना नर्सरीवाल्याला एवढं विचारावं : जातीचं नाव काय? खुंट कशाचा? या गावात हे झाड कोणत्या तारखेच्या आसपास फुलतं? जवळपास कुणाच्या दारात हीच जात फळतेय का? चारपैकी शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, तर ते रोप तिथेच ठेवावं आणि दुसऱ्या दुकानात चौकशी करावी.